हात राखून फेकणे : मार्क बर्ली सोळा हंगाम कसा टिकला

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा आहे. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा आणि डावखुरा असून, शाळेच्या आणि एका ट्रॅव्हल टीमच्या (गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या खासगी संघाच्या) अशा दोन संघांकडून तो बेसबॉलमध्ये पिचिंग करतो, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकतो. त्याचा वेग बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी आहे, परंतु चेंडू सांगितलेल्या जागी जातो. ट्रॅव्हल टीमच्या प्रशिक्षकांचा आग्रह आहे की, या हिवाळ्यात त्याला वेग वाढवण्याच्या वर्गात घालावे, जिथे जड चेंडू पूर्ण ताकदीने फेकायला लावतात. मध्यंतरी मामाने त्याला शिकागोचा निवृत्त पिचर मार्क बर्ली याचे जुने सामने दाखवले, आणि तेव्हापासून मुलगा म्हणतो की मला वेग नको, मला बर्लीसारखे पंधरा वर्षे खेळायचे आहे. वडील विचारतात की, असे टिकणे ही उपजत देणगी असते की ते घडवता येते, आणि घडवता येत असेल तर आत्ता काय करावे.

मी मूळचा सोलापूरचा, पण २००३ पासून शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण खांदा किंवा कोपर धरूनच येतात. त्यांत शाळकरी पिचर सर्वाधिक, काही सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली, आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी क्रिकेट खेळून सोमवारी हात वर न होणारे आपले आयटीतले बांधव. बर्ली माझ्या शहराचा पिचर असल्यामुळे त्याची बहुतेक कारकीर्द मी जवळून पाहिली, पण त्याच्यावर मी कधीही उपचार केलेले नाहीत, हे आधीच सांगतो. त्याच्याविषयी जे लिहितो ते सर्वांना दिसलेल्या खेळावरून, आणि मुलांविषयी जे लिहितो ते माझ्या टेबलावरच्या अनुभवावरून.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते प्रथम बाजूला काढू. जो हळू फेकतो त्याचा हात टिकतो, असे तुमच्या मुलाने मनाशी धरलेले दिसते. हे अर्धेच खरे आहे. नोलन रायन हा त्याच्या काळातील सर्वांत वेगवान पिचरांपैकी एक, आणि तो २७ हंगाम खेळून वयाच्या ४६व्या वर्षी निवृत्त झाला. उलट हळू फेकणारे कितीतरी पिचर दरवर्षी व्यावसायिक बेसबॉलमधून बाहेर पडतात. त्यांचा हात शाबूत असतो, फक्त फलंदाज त्यांना झोडपतात आणि नोकरी जाते. म्हणजे टिकण्याच्या दोन बाजू आहेत : हात टिकला पाहिजे आणि संघातील जागाही टिकली पाहिजे. बर्लीचे वैशिष्ट्य असे की, त्याने या दोन्ही गोष्टी एकाच सवयीने साधल्या. त्या सवयीला आपल्याकडे ‘हात राखून’ वागणे म्हणतात, आणि इथे तो वाक्प्रचार शब्दशः लागू पडतो.

ज्यांनी बर्लीला पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. मार्क बर्लीचा जन्म १९७९ चा, मिसूरी राज्यातील सेंट चार्ल्सचा. शाळेच्या संघातून त्याला वगळण्यात आले होते. पुढे तो जेफरसन कॉलेज या लहानशा महाविद्यालयाकडून खेळला, आणि १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या निवडीत, शिकागो व्हाइट सॉक्स या संघाने त्याला ३८व्या फेरीत घेतले, तेव्हा त्याच्या आधी अकराशेहून अधिक नावे पुकारली गेली होती. जुलै २००० मध्ये तो मेजर लीग या अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीत आला आणि २००१ पासून सलग १४ हंगामांत त्याने दरवर्षी २०० किंवा त्याहून अधिक इनिंग टाकल्या. व्हाइट सॉक्सनंतर २०१२ चे एक वर्ष तो मायामीकडे, आणि २०१३ ते २०१५ टोरांटोकडे होता. एकूण २१४ विजय, १६० पराभव, ३,२८३ इनिंग आणि ४९३ सामन्यांत पहिला चेंडू त्याचा. या सोळा हंगामांत दुखापतग्रस्तांच्या यादीत त्याचे नाव एकदाही लागले नाही.

क्रिकेटच्या वाचकांना २०० इनिंग म्हणजे काय याचा अंदाज येणार नाही. बेसबॉलमध्ये इनिंग म्हणजे तीन बळी. सामना नऊ इनिंगचा असतो, आणि सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांनी एकदा खेळतो, म्हणजे हंगामात ३२-३३ सामने. २०० इनिंग भरायच्या तर प्रत्येक सामन्यात सहाहून अधिक इनिंग टाकाव्या लागतात, आणि एप्रिल ते सप्टेंबर एकही पाळी चुकवून चालत नाही. आज हा आकडा इतका दुर्मीळ झाला आहे की, २०२४ च्या हंगामात संपूर्ण मेजर लीगमध्ये फक्त चार पिचरांनी तो गाठला. बर्लीने तो चौदा वर्षे ओळीने गाठला, आणि तेही अशा चेंडूवर ज्याचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास होता. आजच्या मेजर लीगमधील वेगवान चेंडूची सरासरी ९४ मैलांच्या घरात आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पिचरचा हात चेंडूंच्या संख्येने झिजतो, आणि इनिंग मात्र बळींच्या संख्येने भरते. या दोहोंमधील दर हा टिकण्याचा खरा हिशेब आहे. समजा, दोन पिचर प्रत्येक सामन्यात शंभर चेंडू टाकतात आणि हंगामात ३३ सामने खेळतात. दोघांचेही ३,३०० चेंडू झाले. एकाला इनिंगमागे १५ चेंडू लागतात, त्याच्या २२० इनिंग होतात. दुसऱ्याला १३ लागतात, तर त्याच चेंडूंत त्याच्या २५४ इनिंग होतात. हाताचा खर्च तेवढाच, पदरात मात्र ३४ इनिंग अधिक. किंवा उलट बाजूने पाहा : २२० इनिंगच हव्या असतील, तर दुसऱ्याला वर्षाला साडेचारशेच्या आसपास चेंडू कमी टाकावे लागतील. हे पंधरा वर्षे चालले की केवढा फरक पडेल, याचा गुणाकार तुम्हीच करा.

हे दोन चेंडू वाचवायचे कसे? बर्ली ते तीन-चार प्रकारे वाचवत असे. पहिला प्रकार म्हणजे फलंदाजाला चुकवण्याऐवजी त्याला वाईट फटका मारायला लावणे. स्ट्राइकआउटला, म्हणजे फलंदाजाला फटका मारू न देता बाद करायला, किमान तीन चेंडू लागतात, प्रत्यक्षात पाचच्या आसपास. जमिनीवरून गेलेला सोपा फटका पहिल्याच चेंडूवर बळी देतो. बर्लीचे कारकिर्दीतील स्ट्राइकआउट १,८७०, म्हणजे नऊ इनिंगमागे जेमतेम पाच, आणि त्याने फुकट दिलेले वॉक नऊ इनिंगमागे फक्त दोन. वॉक म्हणजे चार चुकीचे चेंडू पडल्याने फलंदाज पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, फुकट जाणे : किमान चार चेंडू खर्चून बळी शून्य, शिवाय डोक्यावर धावकाचे ओझे. काटकसरी माणसाला तो व्यवहार परवडत नाही. त्याच्या हाती साधा सरळ, खाली जाणारा सिंकर, किंचित आडवा सरकणारा कटर, हळू येणारा चेंजअप, वळणारा कर्व्ह असे सगळे होते, त्यांपैकी एकही चेंडू भयंकर म्हणावा असा नव्हता, पण पाचही चेंडू तो प्लेटच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या पाटीच्या, दोन्ही कडांना टेकवू शकत होता, आणि फलंदाजाला कोणता येणार याचा पत्ता लागत नसे.

२३ जुलै २००९ रोजी टॅम्पा बेविरुद्ध त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे आलेले सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद. त्या २७ पैकी स्ट्राइकआउट किती होते? सहा. उरलेले एकवीस बळी इतरांच्या हातमोज्यांतून गेले. नवव्या इनिंगमध्ये गेब कॅप्लरचा फटका कुंपणापलीकडे चालला होता. त्याच इनिंगसाठी मैदानात आणलेल्या ड्वेन वाइजने भिंतीवर झेपावून तो झेलला. चेंडू हातमोज्यातून निसटला आणि खाली पडता-पडता त्याने तो उघड्या हाताने पकडला. मी ती दृश्ये अनेकदा पाहिली आहेत आणि दर वेळी त्या क्षणी श्वास रोखला जातो, निकाल माहीत असूनही. बर्लीची पद्धत क्षेत्ररक्षकांवर इतकी अवलंबून होती, हे तुमच्या मुलाने नीट समजून घ्यावे. ज्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, चेंडू सोडतो, तिथे ही पद्धत महाग पडते.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतः उत्तम क्षेत्ररक्षण करणे आणि धावकांना जखडून ठेवणे. २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे त्याला गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला. २०१० च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात, क्लीव्हलँडविरुद्ध, त्याच्या पायाला लागून उडालेला चेंडू पळत जाऊन उचलत त्याने तो स्वतःच्या पायांमधून पहिल्या बेसकडे उलटा फेकला आणि फलंदाज बाद झाला. लोक ती फीत गंमत म्हणून पाहतात. मी मुलांना ती दाखवून विचारतो की, या एका कृतीने किती चेंडू वाचले ते सांगा. पिकऑफची, म्हणजे बेस सोडून सरकलेल्या धावकाला तिकडे चेंडू फेकून बाद करण्याची, गोष्टही तशीच. १८ एप्रिल २००७ रोजी टेक्सासविरुद्धच्या नो-हिटरमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) न देता संपलेल्या सामन्यात, त्याने एकच फलंदाज वॉकवर सोडला, तो सॅमी सोसा, आणि मग त्याला पहिल्या बेसवर गाफील गाठून तिथेच बाद केले. चुकीने दिलेले दान होम प्लेटकडे एकही चेंडू न टाकता परत घेतले. इथे डावखुरेपणाचा फायदा आहे, कारण डावखुऱ्या पिचरचे तोंड पहिल्या बेसकडेच असते. तुमच्या मुलाला हा फायदा जन्मतःच मिळालेला आहे.

तिसरी गोष्ट गतीची, पण चेंडूच्या नव्हे, कामाच्या गतीची. बर्ली चेंडू हातात आला की टाकून मोकळा होत असे. कॅचरने, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या सहकाऱ्याने, जी खूण केली तिला तो क्वचितच नकार देई. एप्रिल २००५ मध्ये सिॲटलविरुद्धचा त्याचा सामना १ तास ३९ मिनिटांत संपला. त्या दिवशी त्याला बारा स्ट्राइकआउटही मिळाले, आणि सिॲटलचे तिन्ही हिट एकट्या इचिरो या फलंदाजाचे होते. २०२३ पासून मेजर लीगने पिचरवर घड्याळ लावले आहे. बर्लीला ते घड्याळ कधी आडवे आले असते असे वाटत नाही. झटपट काम करण्याचा शरीराला थेट फायदा होतो की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, कारण दोन चेंडूंमधील विश्रांती कमी झाल्याने थकवा वाढू शकतो असाही युक्तिवाद आहे आणि तो मला निराधार वाटत नाही. परंतु क्षेत्ररक्षक जागे राहतात, आपली इनिंग लांबत नाही आणि डोके रिकामे राहते, एवढे मात्र मी नक्की पाहिले आहे. विचार करीत उभा राहिलेला पिचर पुढचा चेंडू जरा जास्तच जोर लावून टाकतो.

आणि तो ‘जरा जास्तच जोर’ हाच माझ्या व्यवसायाचा विषय आहे. फेकताना दंड खांद्यात मागे वळतो आणि मग पुढे येताना सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने फिरतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला जो ताण येतो तो तेथील अस्थिबंधाला (लिगामेंटला) एकट्याला पेलण्यासारखा नसतो. मनगट आणि बोटे वाकवणारे कोपराखालचे स्नायू त्यातला वाटा उचलतात, म्हणून तो तुटत नाही. स्नायू थकले की ते आपला वाटा सोडतात, आणि सगळा भार अस्थिबंधावर येतो. हाच तो अस्थिबंध, ज्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि जी आज त्या रुग्णाच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा थकवा येण्याआधी थांबणे आणि रोजचा चेंडू कमाल ताकदीच्या खाली ठेवणे, या दोन गोष्टी हात राखण्याच्या मुळाशी आहेत. एका इनिंगमध्ये सलग ३५ चेंडू टाकणे हे दोन इनिंगमध्ये मिळून ३५ टाकण्यापेक्षा वाईट, ते याच कारणाने. ज्याच्या इनिंग छोट्या, त्याचे स्नायू मधल्या विश्रांतीत सावरतात.

माझ्या खोलीत एक साधी चाचणी आहे. मी रबरी चटईवर मुलाला उभे करतो, त्याच्या पुढच्या बुटाच्या टाचेला खडू लावतो आणि जाळीत वीस चेंडू टाकायला सांगतो. मग दोघे मिळून चटईकडे पाहतो. काही मुलांच्या पांढऱ्या खुणा चहाच्या बशीएवढ्या जागेत एकमेकींवर बसलेल्या असतात. काहींच्या खुणा परातभर पसरलेल्या असतात, आणि पंधराव्या चेंडूनंतरच्या खुणा एका बाजूला सरकलेल्या दिसतात. तो सरकण्याचा क्षण म्हणजे पाय आणि कंबर थकल्याचा क्षण, आणि त्यानंतरचा प्रत्येक चेंडू खांदा-कोपराच्या उधारीवर टाकलेला असतो. बर्लीच्या ॲक्शनमध्ये दिखाऊ असे काही नव्हते, पण पहिल्या इनिंगचा आणि सातव्या इनिंगचा चेंडू शेजारी-शेजारी लावून पाहिला तर कोणता कधीचा हे ओळखणे कठीण जाते. अचूकपणा आणि टिकाऊपणा ही एकाच झाडाची फळे आहेत असे मी म्हणतो, ते यासाठी. क्रिकेटमध्ये याच जातीचा माणूस पाहायचा असेल तर नाशिकचे बापू नाडकर्णी आठवावेत. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, आणि त्यांत सलग २१ षटके निर्धाव. बळी मात्र एकही नाही. तेव्हा फुकट काही द्यायचे नाही हा बाणा एकच असला, तरी बळी मिळवण्याचे काम बर्लीला वेगळे करावेच लागले.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी २००३ मध्ये येथे आलो तेव्हा शहराच्या उत्तर भागात, कब्स या शिकागोच्या दुसऱ्या संघात, मार्क प्रायर या तरुण पिचरच्या नावाचा गजर चालला होता. २००१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, २००३ मध्ये १८ विजय आणि ६ पराभव, आणि ज्याची ॲक्शन ‘निर्दोष’ म्हणून प्रशिक्षक मुलांना दाखवत असत असा हा पिचर. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने अनेक सामन्यांत १२० च्या वर चेंडू टाकले. त्यानंतर दुखापतींची रांग लागली आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, तो मेजर लीगमधील शेवटचा सामना खेळला. चेंडूंची संख्या, ॲक्शनमधील एखादी बारीक गोष्ट, क्षेत्ररक्षण करताना झालेली टक्कर, नुसते नशीब, यांपैकी कशाला किती दोष द्यायचा याचे ठाम उत्तर मला देता येणार नाही. त्याच वर्षांत त्याच शहरात ३८व्या फेरीतला बर्ली दर पाचव्या दिवशी निमूटपणे चेंडू टाकत होता. अस्थिबंधाची जाडी, सांध्यांची ठेवण, आईवडिलांकडून आलेले कोलेजन, यांत कोणाचा हात नसतो. तुम्ही देणगी की घडण असे विचारले आहे. माझ्या अनुभवात देणगी कमाल मर्यादा ठरवते, आणि बहुतेक मुले त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत, कारण ती त्याआधीच चौदाव्या-पंधराव्या वर्षी जखमी होतात.

सातत्याविषयीही एक गैरसमज असतो. सातत्य म्हणजे दरवर्षी उत्तम, असे नव्हे. २००५ मध्ये बर्ली संघाच्या विश्वविजेतेपदात अग्रभागी होता. अंतिम मालिकेचा दुसरा सामना त्याने सुरू केला आणि ह्यूस्टनमध्ये मध्यरात्रीनंतर संपलेल्या, चौदा इनिंगच्या तिसऱ्या सामन्यात अखेरचा बळी घ्यायलाही तोच आला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, त्याची नऊ इनिंगमागील धावांची सरासरी ४.९९ वर गेली, १२ विजय आणि १३ पराभव. इनिंग तरीही २०४. वाईट वर्षातही तो दर पाचव्या दिवशी हजर होता, आणि हजर असल्यामुळेच स्वतःला दुरुस्त करू शकला. दुखण्यामुळे सहा महिने बाहेर बसलेल्याला ती संधी मिळत नाही.

शेवटचा हंगामही पाहण्यासारखा आहे. २०१५ च्या अखेरच्या आठवड्यात बर्ली १९८ इनिंगवर होता. सलग पंधरावे द्विशतक पुरे व्हायला दोन इनिंग कमी होत्या, म्हणून शुक्रवारी सुमारे सात इनिंग टाकलेल्या त्या ३६ वर्षांच्या माणसाला टोरांटोने रविवारी, अवघ्या एका दिवसाच्या विश्रांतीनंतर, पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पाठवले. पहिल्याच इनिंगमध्ये क्षेत्ररक्षणातील चुकीनंतर आठ धावा गेल्या आणि दोन बळींवर त्याला बाहेर यावे लागले. १९८ पूर्णांक दोन तृतीयांश. योगायोग असा की, ग्रेग मॅडक्स या दुसऱ्या पिचरची अशीच मालिका १९८८ ते २००१ अशी चौदाच वर्षे चालली, आणि २००२ मध्ये तो १९९ पूर्णांक एक तृतीयांशावर थांबला. हात राखून वागणाऱ्या माणसालाही आकड्याचा मोह आवरला नाही, किंवा संघाला त्याच्यासाठी तो आवरला नाही. मला त्यात दोष देण्यासारखे काही दिसत नाही, कारण त्यानंतर तो पुन्हा मेजर लीगमध्ये खेळलाच नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र ‘एक दिवसाची विश्रांती’ हे शब्द ऐकू आले तर सरळ नकार द्या.

आता तुमच्या मुलाकडे वळतो. मला वेगापेक्षा चिंता वाटते ती ‘दोन संघ’ या दोन शब्दांची. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आला होता. शनिवारी एका संघाकडून ७० चेंडू, रविवारी दुसऱ्या संघाकडून ५५. दोन्ही प्रशिक्षक आपापली वही दाखवून सांगत होते की आम्ही मर्यादेतच आहोत, आणि दोघेही खरे बोलत होते. दोन वह्यांची बेरीज करणारे कोणीच नव्हते. मुलगा दुखते असे म्हणत नव्हता. शाळेचे दप्तर तो कधी उजव्या आणि कधी डाव्या खांद्यावर घेई, तो आता फक्त उजव्याच खांद्यावर घेऊ लागला होता, एवढेच त्याच्या आईच्या लक्षात आले होते. एक्स-रेमध्ये कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची पट्टी रुंदावलेली दिसली. या वयात अस्थिबंधाआधी हाडाची ही कोवळी पट्टीच हार मानते. बारा आठवडे फेकणे पूर्ण बंद ठेवल्यावर तो सावरला.

म्हणून चेंडू मोजण्याची वही घरी ठेवा आणि ती तुम्हीच लिहा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांच्या पिच स्मार्ट या मार्गदर्शनानुसार १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ च्या वर चेंडू टाकू नयेत, ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी, वर्षात सर्व संघ मिळून १०० इनिंगच्या पुढे जाऊ नये, आणि वर्षातून किमान चार महिने फेकणे बंद ठेवावे, त्यांतले दोन-तीन महिने सलग. ही १०० इनिंगची मर्यादा कोणाच्या मनात आले म्हणून ठरलेली नाही. दहा वर्षे चाललेल्या एका पाहणीत, वर्षाला १०० हून अधिक इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला होता. तुमच्या मुलाचे दोन्ही संघ आणि हिवाळी वर्ग एकत्र मांडले, तर चार महिन्यांची सुट्टी कुठे बसते ते मला दिसत नाही.

जड चेंडूंच्या वर्गाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तुमचे प्रशिक्षक अगदी चुकीचे बोलत नाहीत. त्याने वेग वाढतो, हे खरे आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांवर झालेल्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला, पण जड चेंडू वापरणाऱ्या गटातील जवळपास एक चतुर्थांश मुले जखमी झाली, आणि दुसऱ्या गटातील एकही नाही. तेरा वर्षांच्या, वाढीच्या पट्ट्या उघड्या असलेल्या मुलासाठी मी हा सौदा करणार नाही. सतराव्या वर्षी, हाडे भरल्यावर आणि नीट देखरेखीखाली, याच प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित वेगळे असेल. मुलाचे ‘मला वेग नको’ हे म्हणणेही मला तितकेसे पटत नाही. आजचे निवडकर्ते ताशी मैल पाहूनच वहीत नाव लिहितात, आणि ८५ मैलांवर मेजर लीगमध्ये शिरणे आज बर्लीच्या काळापेक्षा कितीतरी अवघड झाले आहे. त्याला वेग लागेल. तो पुढच्या दोन-तीन वर्षांत उंचीबरोबर, मांड्या आणि पाठ भरण्याबरोबर यावा, खांदा पिळून नव्हे.

या हिवाळ्यात मी त्याच्याकडून काय करून घेतले असते? डिसेंबर-जानेवारी चेंडूला हात नाही. पोहणे, बास्केटबॉल, उठाबशा, एका पायावरचा तोल. फेब्रुवारीत हळूहळू फेकायला सुरुवात, आणि त्या काळात फक्त दोन चेंडू, साधा सरळ आणि चेंजअप. चेंजअपला हाताची फेक तशीच राहते, फक्त पकड बदलते, म्हणून कोपराला जादा भुर्दंड पडत नाही, आणि बर्लीही तो चेंडू भरपूर वापरत असे. पिकऑफ आणि जमिनीवरचे चेंडू उचलणे यांचा सराव भरपूर करा, ते या वयात कोणी शिकवत नाही. ज्या दिवशी तो पिच करतो त्या दिवशी त्याला कॅचर म्हणून उभे करू देऊ नका.

महिन्यातून एकदा घरीच एक तपासणी करा. त्याला पाठीवर झोपवून दंड खांद्याच्या रेषेत बाजूला घ्या, कोपर काटकोनात वाकवा, आणि खांदा गादीवरून न उचलता हात आधी मागे व मग पुढे किती वळतो ते दोन्ही बाजूंना पाहा. फेकण्याचा हात मागे जास्त आणि पुढे कमी वळणे हे पिचरमध्ये नेहमीचे आहे, पण दोन्ही मिळून होणारी एकूण फिरत दोन्ही खांद्यांत जवळपास सारखी असायला हवी. डाव्या खांद्याची एकूण फिरत स्पष्टपणे कमी दिसली, किंवा कोपराच्या आतल्या टोकदार हाडावर बोटाने दाबल्यावर त्याने ओठ आवळले, तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवा आणि एकही चेंडू न टाकता आधी त्याला मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. तो ‘दुखत नाही’ म्हणेल. त्याच्या तोंडाकडे नव्हे, दप्तर कोणत्या खांद्यावर आहे तिकडे पाहा.